अर्धवाहकांचे रंग आणि स्फटिकातली कंपने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणत्याही तक्त्यात सिलिकॉनपुढे १.१२ आणि गॅलियम आर्सेनाइडपुढे १.४२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) असा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला बंधातून सुटून मोकळे फिरायला लागणारी किमान ऊर्जा, छापलेला असतो. हे आकडे खोलीच्या तापमानाचे आहेत, ही गोष्ट मात्र बऱ्याचदा तळटिपेत राहून जाते. स्फटिकातले अणू सतत हलत असतात. प्रकाश किती खोल शिरेल, उत्सर्जनाचा रंग कोणता असेल, वर्णपटातली रेषा किती रुंद दिसेल, या सगळ्यात त्या हालचालीचा हात असतो. तापमान न सांगता दिलेला बँडगॅप मी अर्धीच माहिती मानतो. का ते पुढच्या उत्तरांत येईलच.

फोनॉन म्हणजे खरोखरचा कण आहे का?

स्फटिकातले अणू बंधांनी एकमेकांशी जखडलेले असतात. एक हलला की शेजारचा हलतो आणि ती हालचाल लहरीसारखी जालकभर, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीभर, पसरते. पुंजयामिकीच्या नियमानुसार अशा लहरीची ऊर्जा ठरावीक टप्प्यांनीच वाढते किंवा घटते. त्या एका टप्प्याला फोनॉन म्हणतात. तो स्फटिकाबाहेर काढून दाखवता येत नाही, पण ऊर्जा आणि संवेग यांच्या देवाणघेवाणीत त्याची नोंद कणासारखीच ठेवावी लागते.

फोनॉन दोन जातींचे. ध्वनिक फोनॉनमध्ये शेजारचे अणू जवळजवळ एकाच दिशेने सरकतात. प्रकाशीय फोनॉनमध्ये ते एकमेकांविरुद्ध हलतात आणि त्याला ऊर्जाही जास्त लागते. गॅलियम आर्सेनाइडच्या अनुदैर्घ्य (लहरीच्याच दिशेने हलणाऱ्या) प्रकाशीय फोनॉनची ऊर्जा सुमारे ३६ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. सिलिकॉनमध्ये प्रकाशीय फोनॉन सुमारे ६४, तर हिऱ्यात थेट १६५ पर्यंत जातो. अणू हलके आणि बंध घट्ट असले की फोनॉन महाग पडतो.

इलेक्ट्रॉनला अणूंची हालचाल कळते कशी?

मुख्य वाटा तीन आहेत. पहिली वाट विरूपणाची. लहर जाताना जालक काही ठिकाणी दाबले जाते, काही ठिकाणी ताणले जाते, आणि अणूंमधले अंतर बदलले की ऊर्जापट्ट्यांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनला घेता येणाऱ्या ऊर्जांच्या पट्ट्यांच्या, कडाही वरखाली होतात. विरूपण विभवाची ही कल्पना बार्डीन आणि शॉक्ली यांनी १९५० मध्ये मांडली. परिणाम लहान नसतो: गॅलियम आर्सेनाइडचे आकारमान एक टक्क्याने आक्रसले, तर बँडगॅप ८० ते ९० मिलिइलेक्ट्रॉन व्होल्टने वाढतो.

दुसरी वाट ध्रुवीय पदार्थांत खुली होते. गॅलियमवर थोडा धन आणि आर्सेनिकवर थोडा ऋण प्रभार असतो. हे दोघे विरुद्ध दिशांना हलले की विद्युतक्षेत्र तयार होते आणि ते इलेक्ट्रॉनला दुरूनही जाणवते. ही फ्रोलिक यांच्या नावाने ओळखली जाणारी आंतरक्रिया. सिलिकॉन, जर्मेनियम आणि हिरा यांत दोन्ही अणू सारखेच असल्याने तिथे ती नसते. झिंक ऑक्साइड, गॅलियम नायट्राइड आणि लेड हॅलाइड पेरॉव्हस्काइट (शिसे आणि आयोडीन-ब्रोमीनसारखे हॅलोजन असलेले विशिष्ट रचनेचे स्फटिक) यांत मात्र तिचेच राज्य चालते. तिसरी वाट दाबविद्युत, म्हणजे दाबल्यावर वीज निर्माण करणाऱ्या, स्फटिकांतल्या ध्वनिक लहरींची. प्रकाशीय गुणधर्मांच्या हिशेबात ती बहुधा मागे पडते.

फोनॉनची ऊर्जा इतकी थोडी असताना परिणाम इतका मोठा का?

कारण फोनॉनकडे संवेग भरपूर असतो. दृश्य किंवा अवरक्त प्रकाशाची तरंगलांबी सिलिकॉनमधल्या ०.५४३ नॅनोमीटरच्या जालक अंतराच्या शेकडो ते हजारो पट असते. म्हणून फोटॉन ऊर्जा पुष्कळ देतो, पण संवेग जवळजवळ काहीच देत नाही. फोनॉनचे नेमके उलटे: ऊर्जा थोडी, पण संवेग हवा तेवढा. इलेक्ट्रॉनला ऊर्जा आणि संवेग दोन्ही बदलायचे असतील, तर एकटा फोटॉन पुरत नाही.

मग सिलिकॉन प्रकाश शोषतो तरी कसा?

माझ्या मते या विषयाचे सौंदर्य सर्वांत स्पष्ट दिसते ते इथेच.

सिलिकॉनच्या संयुजा पट्ट्याचा, म्हणजे बंधातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्याचा, माथा शून्य संवेगावर आहे. वहन पट्ट्याचा, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्याचा, तळ मात्र बाजूला, ब्रिलूँ क्षेत्राच्या (स्फटिकातल्या संवेगाच्या आवाक्याच्या) कडेपर्यंतचे सुमारे ८५ टक्के अंतर गेल्यावर लागतो. अशा बँडगॅपला अप्रत्यक्ष म्हणतात; माथा आणि तळ एकाच संवेगावर असले, तर तो प्रत्यक्ष. सरळ वर उडी मारायची तर सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे अतिनील प्रकाश. केवळ तेवढाच मार्ग असता, तर सिलिकॉन दृश्य प्रकाशाला पारदर्शक राहिला असता आणि त्याचे सौर घट निरुपयोगी ठरले असते.

प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन फोटॉनकडून ऊर्जा घेतो आणि संवेगाची तूट फोनॉनकडून भरून काढतो. यात दोन शक्यता आहेत. जालकात आधीच असलेला फोनॉन तो गिळतो, आणि मग बँडगॅपपेक्षा किंचित कमी ऊर्जेचा फोटॉनही चालतो. किंवा तो नवा फोनॉन जालकाला देतो, आणि मग फोटॉनकडे तेवढी जास्त ऊर्जा असावी लागते. फोनॉन गिळण्याची शक्यता त्यांच्या उपलब्ध संख्येच्या, म्हणजे 'न'च्या प्रमाणात असते, तर देण्याची शक्यता 'न अधिक १'च्या प्रमाणात.

आकडे घालून पाहू. सिलिकॉनच्या शोषणात मोठा वाटा सुमारे ५८ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्टच्या अनुप्रस्थ (लहरीला आडव्या हलणाऱ्या) प्रकाशीय फोनॉनचा असतो. ३०० केल्विनला औष्णिक ऊर्जा साधारण २६ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यामुळे बोस-आइनस्टाइन सूत्राने (तापमानावरून फोनॉनची सरासरी संख्या देणाऱ्या) 'न' येतो सुमारे ०.१२. म्हणजे देण्याची प्रक्रिया गिळण्याच्या प्रक्रियेपेक्षा नऊ-दहा पट प्रबळ. स्फटिक थंड करत नेला, तर गिळण्याची वाट बंद पडत जाते, कारण गिळायला फोनॉनच उरत नाहीत. देण्याची वाट मात्र शून्याजवळही चालू राहते. म्हणूनच अतिथंड सिलिकॉनही पुरेशा ऊर्जेचा प्रकाश शोषतो.

अशा संक्रमणांचा सिद्धांत हॉल, बार्डीन आणि ब्लॅट यांनी १९५४ मध्ये नीट मांडला. नंतर मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये सिलिकॉनच्या शोषणकडेचे बारीक मोजमाप केले, तेव्हा कडेवर लहान लहान पायऱ्या दिसल्या. प्रत्येक पायरी एका फोनॉनच्या गिळण्याची किंवा देण्याची. अणूंची कंपने प्रकाशाच्या आलेखावर अशी मोजून घेता येतात, हे मला आजही विलक्षण वाटते.

तीन कणांची ही गाठ सहज पडत नाही, म्हणून हे शोषण कमकुवत असते. ५०० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सिलिकॉनमध्ये सुमारे १ मायक्रोमीटरमध्ये मावळतो. ८०० नॅनोमीटरला ही खोली सुमारे १२ मायक्रोमीटर होते, १००० नॅनोमीटरला दीडशेच्या पुढे जाते आणि ११०० नॅनोमीटरला काही मिलिमीटर. सिलिकॉनच्या सौर घटाची चकती शंभराहून अधिक मायक्रोमीटर जाड ठेवावी लागते आणि तिच्या पृष्ठभागावर प्रकाश अडकवणारे सूक्ष्म पिरॅमिड कोरावे लागतात, ते यामुळे. गॅलियम आर्सेनाइडला ही फोनॉनची अट नाही, त्याला एक-दोन मायक्रोमीटरचा थर पुरतो.

सिलिकॉनचा एलईडी का होत नाही?

तोच अडथळा, उलट दिशेने. इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनने मागे सोडलेली रिकामी जागा) एकमेकांना भेटून फोटॉन सोडायचा, तर संवेग न्यायला फोनॉन हवा. हे जुळून येईपर्यंत इलेक्ट्रॉन दोषांच्या किंवा ऑजे प्रक्रियेच्या (जिच्यात ऊर्जा दुसऱ्याच इलेक्ट्रॉनला किंवा होलला मिळते) वाटेने उष्णता देऊन मोकळा होतो. प्रारण देऊन पुनर्संयोग होण्याचा गुणांक गॅलियम आर्सेनाइडच्या तुलनेत सिलिकॉनमध्ये दहा हजार पटींहून कमी आहे.

म्हणजे अप्रत्यक्ष बँडगॅपचा पदार्थ उजेड देऊच शकत नाही?

असा सरसकट नियम करू नका. षट्कोनी बोरॉन नायट्राइड हे ठळक उदाहरण आहे. त्यातून सुमारे २१५ नॅनोमीटरचे अतिनील उत्सर्जन इतके तेजस्वी येते, की तो प्रत्यक्ष बँडगॅपचा पदार्थ असावा, असे पुष्कळांना वाटत होते. २०१६ मध्ये कासाबुआ, वाल्वँ आणि जिल यांनी दाखवून दिले की त्याचा बँडगॅप अप्रत्यक्ष आहे आणि दिसणाऱ्या रेषा फोनॉनच्या मदतीने येणाऱ्या आहेत. तिथे इलेक्ट्रॉन आणि होल एक्सायटॉनच्या, म्हणजे एकमेकांशी घट्ट बांधलेल्या जोडीच्या, रूपात असतात आणि फोनॉनशी त्यांची आंतरक्रिया जोरकस असते. शेवटी प्रश्न एकच: फोनॉनची वाट आधी पोहोचते की दोषाची?

तापमान वाढले की बँडगॅप कमी का होतो?

पाठ्यपुस्तकांत बहुधा एकच कारण दिलेले असते: तापल्यावर जालक प्रसरण पावते आणि बँडगॅप घटतो. हे कारण अपुरे आहे आणि सिलिकॉनच्या बाबतीत तर दिशाच चुकते. सिलिकॉनवर दाब दिला, तर त्याचा अप्रत्यक्ष बँडगॅप कमी होतो. म्हणजे नुसते प्रसरण झाले असते, तर तो किंचित वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तो घटतो, आणि ती घट इलेक्ट्रॉन-फोनॉन आंतरक्रियेची आहे.

या आंतरक्रियेचे दोन भाग पडतात. एक म्हणजे फॅन यांनी १९५१ मध्ये मांडलेला: इलेक्ट्रॉन क्षणभर फोनॉन देतो-घेतो आणि या सततच्या व्यवहाराने त्याची ऊर्जा सरकते. दुसरा डिबाय-वॉलर भाग: अणू जागेवर थरथरत असल्याने इलेक्ट्रॉनला त्यांचे विभव पुसट झालेले जाणवते. दोन्ही भाग मोठे असतात आणि बहुधा एकमेकांविरुद्ध खेचतात. हाती येतो तो त्यांच्यातला फरक. म्हणूनच एकच भाग घेऊन केलेली गणिते अनेकदा फसली. अॅलन आणि हाइन यांनी १९७६ मध्ये दोन्ही भाग एकत्र बांधले आणि आजची गणिते त्याच पायावर उभी आहेत.

मोजमापासाठी वार्ष्णी यांचे १९६७ चे सूत्र सर्वत्र वापरले जाते. शून्य केल्विनचा बँडगॅप घ्यायचा आणि त्यातून तापमानाच्या वर्गाला 'तापमान अधिक बीटा'ने भागून अल्फाने गुणलेली रक्कम वजा करायची; अल्फा आणि बीटा हे त्या त्या पदार्थासाठी जुळवलेले आकडे. गॅलियम आर्सेनाइडसाठी हा बँडगॅप शून्याजवळ १.५१९ आणि ३०० केल्विनला १.४२ इलेक्ट्रॉन व्होल्ट येतो. खोलीच्या तापमानाजवळ दर केल्विनला सुमारे ०.४५ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्टची घट, तर सिलिकॉनमध्ये सुमारे ०.२५. सूत्र सोपे आणि उपयोगी आहे, पण अल्फा-बीटांना भौतिक अर्थ चिकटवण्याचा मोह टाळावा. अतिथंड तापमानात ते मोजमापापासून सरकते. सरासरी फोनॉन ऊर्जा घेऊन केलेली बोस-आइनस्टाइन जुळणी तिथे जास्त प्रामाणिक ठरते, आणि तिच्यातून मिळणारी ऊर्जा फोनॉनच्या वर्णपटाशी ताडूनही पाहता येते.

हा परिणाम डोळ्यांनी पाहता येईल का?

हो, आणि फार छान दिसतो. सुमारे ५९० नॅनोमीटरचा, पिवळसर केशरी उजेडाचा एलईडी घ्या, विद्युतप्रवाह मर्यादित ठेवणारा रोध जोडा आणि पेटता ठेवून द्रवरूप नायट्रोजनमध्ये हळूच बुडवा. द्रव उसळतो आणि ती खळबळ ओसरता ओसरता केशरी छटा पिवळी, मग हिरवट होत जाते. बाहेर काढला की काही वेळात मूळ रंग परत येतो.

हिशेबही जुळतो. ५९० नॅनोमीटर म्हणजे २.१० इलेक्ट्रॉन व्होल्ट. गॅलियम आर्सेनाइडचा बँडगॅप ३०० वरून ७७ केल्विनला आणताना सुमारे ०.०८ ते ०.०९ इलेक्ट्रॉन व्होल्टने वाढतो. या एलईडीतल्या मिश्र अर्धवाहकासाठी साधारण तेवढीच वाढ धरली, तर नवी तरंगलांबी ५६५ ते ५७० नॅनोमीटरच्या आसपास येते, म्हणजे हिरवट पिवळी. उजेडही वाढलेला दिसतो. त्याला आणखी एक कारण आहे: या मिश्रणात अप्रत्यक्ष दरी (वहन पट्ट्याचा वेगळ्या संवेगावरचा तळ) फार दूर नसते, तापल्यावर काही इलेक्ट्रॉन तिथे निसटतात, आणि थंडीत ते निसटणे थांबते. निळ्या एलईडीवर हा प्रयोग फिका पडतो, कारण नायट्राइड अर्धवाहकांचे सरकणे कमी असते. डोळ्यांवर चष्मा, हातांत योग्य मोजे आणि खोलीत खेळती हवा हवीच.

लेसर डायोडच्या वापरात हेच सरकणे डोकेदुखी होते. गॅलियम आर्सेनाइडवर आधारलेल्या लेसरचा प्रकाश दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकतो. एखाद्या स्फटिकाच्या अरुंद शोषणरेषेवर तो नेमका बसवायचा असेल, तर तापमान नियंत्रित करण्यावाचून गत्यंतर नाही.

सगळ्याच पदार्थांत बँडगॅप घटतो का?

नाही. लेड सल्फाइडचा बँडगॅप शून्याजवळ सुमारे ०.२९ आणि खोलीच्या तापमानाला ०.४१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे उलट वाढतो. लेड हॅलाइड पेरॉव्हस्काइटही असेच वागतात. कारण पट्ट्यांच्या रचनेत आहे. त्यांच्या संयुजा पट्ट्याचा माथा प्रतिबंधी स्वरूपाचा (बंध सैल करणाऱ्या अवस्थांचा) असतो, त्यामुळे अणू दूर गेले की तो खाली येतो आणि बँडगॅप वाढतो. प्रसरण आणि फोनॉन दोन्ही एकाच दिशेने ढकलतात. त्यामुळे नव्या पदार्थाचे मोजमाप करताना चिन्ह आधीच गृहीत धरू नये.

निरपेक्ष शून्य तापमानावर तरी फोनॉनचा परिणाम संपतो ना?

संपत नाही. हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

पुंजयामिकी अणूंना पूर्ण स्थिर राहू देत नाही. फोनॉनची संख्या शून्य झाली, तरी प्रत्येक कंपनात अर्ध्या टप्प्याची ऊर्जा शिल्लक राहते. ही शून्यबिंदू कंपने बँडगॅप सरकवतच राहतात. सिलिकॉनमध्ये ही घट सुमारे ६० मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. हिऱ्यात ती प्रचंड होते: अप्रत्यक्ष बँडगॅपसाठी ०.३ ते ०.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि प्रत्यक्ष बँडगॅपसाठी जिउस्तिनो, लूई आणि कोहेन यांच्या २०१० च्या गणितात ती सुमारे ०.६ आली. खोलीच्या तापमानाला हिऱ्यातले प्रकाशीय फोनॉन जवळजवळ रिकामे असतात, म्हणून तापमानाबरोबर त्याचा बँडगॅप फारसा हलत नाही. त्यावरून हिऱ्यात कंपनांचा परिणाम नगण्य आहे असा निष्कर्ष काढला, तर पूर्ण फसगत होते. परिणाम आहे, आणि तो आधीपासूनच पूर्ण बसलेला आहे.

हे सरकणे मोजायचे कसे, कारण अणू थांबवून तर पाहता येत नाही? दोन युक्त्या आहेत. एक म्हणजे समस्थानिक. अणू जड झाला की बंध तोच राहतो, पण शून्यबिंदू कंपने लहान होतात. कार्बन-१२ ऐवजी कार्बन-१३ चा हिरा घेतला, तर अप्रत्यक्ष बँडगॅप सुमारे १४ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्टने वाढतो. रासायनिकदृष्ट्या दोन्ही हिरे एकच, फरक फक्त केंद्रकाच्या वजनाचा. दुसरी युक्ती आलेखाची. उच्च तापमानाला बँडगॅपचा आलेख सरळ रेषेत उतरतो. ती रेषा मागे शून्य केल्विनपर्यंत ओढली, की ती मोजलेल्या आकड्याच्या वर जाऊन मिळते. ते अंतर म्हणजे शून्यबिंदू सरकणे.

यातून गणित करणाऱ्यांसाठी एक धडा निघतो. अणू स्थिर धरून काढलेला बँडगॅप प्रयोगाशी तंतोतंत जुळला, तर आनंद मानण्याआधी थांबा. हलक्या अणूंच्या पदार्थात ती जुळणी दोन चुका एकमेकींना झाकत असल्याची खूण असू शकते.

वर्णपटातल्या रेषा तापमानाबरोबर रुंद का होतात?

एक्सायटॉनला फोनॉनचा धक्का बसला, की त्याची अवस्था मोडते. अवस्थेचे आयुष्य जितके कमी, तितकी रेषा रुंद. नेहमीचा हिशेब तीन पदांचा असतो: दोष आणि मिश्रणातल्या अनियमितपणामुळे येणारी स्थिर रुंदी, ध्वनिक फोनॉनमुळे तापमानाच्या प्रमाणात वाढणारी रुंदी, आणि प्रकाशीय फोनॉनच्या संख्येच्या प्रमाणात वाढणारी रुंदी.

तिसरे पद खोलीच्या तापमानाला वरचढ ठरते. गॅलियम आर्सेनाइडच्या ३६ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोनॉनची संख्या ७७ केल्विनला ०.००४४, तर ३०० केल्विनला ०.३३, म्हणजे पंचाहत्तर पट वाढ. पेरॉव्हस्काइटमध्ये हा फोनॉन फक्त ११-१२ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो, त्यामुळे ३०० केल्विनला त्याची संख्या १.८ च्या घरात जाते. वर ध्रुवीय आंतरक्रिया जोरदार. लेड हॅलाइडचे उत्सर्जन खोलीच्या तापमानाला ९० ते १०० मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट रुंद दिसते, ते यामुळे. चांगला नमुनाही रुंद रेषा देतो, म्हणून नुसत्या रुंदीवरून नमुना खराब ठरवू नका.

उरबाख शेपूट काय असते?

शोषणकड धारदार पायरीसारखी न संपता बँडगॅपच्या खालीही घातांकी उतारावर विरत जाते. उरबाख यांनी १९५३ मध्ये हे दाखवले. कंपनांमुळे क्षणोक्षणी जालकात ठिकठिकाणी बँडगॅप थोडा कमी-जास्त होतो, आणि त्या चढउतारांची सरासरी म्हणजे ही शेपूट. तिच्या उताराला उरबाख ऊर्जा म्हणतात: गॅलियम आर्सेनाइड सुमारे ७, स्फटिकी सिलिकॉन ११, मिथाइल अमोनियम लेड आयोडाइड १५, आणि अस्फटिकी सिलिकॉन ५० मिलिइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. शेवटच्या आकड्यात मोठा भाग रचनेतल्या कायमच्या अव्यवस्थेचा आहे. नमुना थंड करून पाहिला, की दोन्ही भाग वेगळे होतात. फोनॉनचा भाग आकसतो, अव्यवस्थेचा तसाच राहतो.

उत्सर्जनात मुख्य रेषेच्या शेजारी समान अंतरावर लहान शिखरे का दिसतात?

त्या फोनॉन प्रतिकृती. फोटॉन सोडताना एक, दोन किंवा तीन फोनॉनही सोडले गेले, की फोटॉनची ऊर्जा तेवढ्या पटींनी कमी होते. झिंक ऑक्साइडमध्ये हे अंतर सुमारे ७२ आणि गॅलियम नायट्राइडमध्ये सुमारे ९१ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट असते. या अंतरावरून प्रतिकृती चटकन ओळखता येते. अनोळखी शिखराला दोषाचे नाव देण्याआधी हे अंतर मोजून पाहावे.

शिखरांच्या उंचीचा हिशेब हुआंग आणि ऱ्हिस यांनी १९५० मध्ये दिला. त्यांच्या 'एस' गुणकाचा अर्थ सरासरी किती फोनॉन सोडले जातात असा घ्यावा. हिऱ्यातल्या नायट्रोजन-रिक्तता केंद्रासाठी (कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी असलेल्या दोषासाठी) 'एस' सुमारे ३.५ आहे. त्यामुळे ६३७ नॅनोमीटरच्या फोनॉनविरहित रेषेत एकूण उजेडाचा फक्त ३ टक्के वाटा येतो, बाकी सगळा फोनॉनच्या रुंद पट्ट्यात पसरतो. हिऱ्यातल्याच सिलिकॉन-रिक्तता केंद्रात, ७३८ नॅनोमीटरला, बहुतांश उजेड मुख्य रेषेत राहतो. एकसारखे फोटॉन हवे असणाऱ्या पुंज तंत्रज्ञानात या फरकाला सोन्याचे मोल आहे.

पोलॅरॉन आणि स्वबंदिस्त एक्सायटॉन यांत फरक काय?

ध्रुवीय जालकात इलेक्ट्रॉन आपल्याभोवती अणूंची थोडी विस्कट ओढून घेतो आणि ती घेऊनच फिरतो. हा पोलॅरॉन. फ्रोलिक गुणक गॅलियम आर्सेनाइडमध्ये सुमारे ०.०७ आहे, त्यामुळे वस्तुमान जेमतेम एक टक्क्याने वाढते. पेरॉव्हस्काइटमध्ये हा गुणक दोनच्या जवळ जातो आणि परिणाम दुर्लक्षित करता येत नाही. आंतरक्रिया आणखी वाढली, की एक्सायटॉन स्वतःच केलेल्या खड्ड्यात अडकून पडतो. मग उत्सर्जन शोषणापेक्षा बरेच खालच्या ऊर्जेला आणि फार रुंद येते. एरवी अडचण वाटणारी ही रुंदी इथे गुण ठरते, कारण एकाच पदार्थातून पांढरा उजेड मिळू शकतो.

हिरव्या लेसरने उत्तेजित केले तरी गॅलियम आर्सेनाइड अवरक्तच प्रकाश का देतो?

५३२ नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये २.३३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात, म्हणजे बँडगॅपपेक्षा सुमारे ०.९१ जास्त. इलेक्ट्रॉन आणि होल ही जास्तीची ऊर्जा फोनॉन सोडत फेकून देतात. सगळी ३६ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोनॉनमध्ये गेली, तर ते सुमारे २५ फोनॉन. एक सोडायला लागतो पिकोसेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा वेळ, तर उजेड द्यायला लागतात नॅनोसेकंद. म्हणून उत्सर्जनाच्या वेळेपर्यंत सगळे तळाशी येऊन बसलेले असतात. सौर घटांमधली मोठी गळती हीच.

रामन वर्णपटाचा याच्याशी काय संबंध?

रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या विकिरणात प्रकाश फोनॉनशी थेट बोलत नाही, मध्ये इलेक्ट्रॉन असतो. फोटॉन इलेक्ट्रॉनला क्षणभर उचलतो, इलेक्ट्रॉन फोनॉन देतो किंवा घेतो आणि बदललेल्या ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो. म्हणून लेसरची ऊर्जा बँडगॅपजवळ आणली की रामन रेषा एकदम उंचावतात. सिलिकॉनची ५२० प्रति सेंटीमीटरची रेषा उपकरण जुळवायला रोज वापरली जाते. तिची फोनॉन गिळणारी जोडीदार रेषा ३०० केल्विनला सुमारे ८ टक्के उंचीची असते, आणि या प्रमाणावरून लेसरखालच्या जागेचे खरे तापमान कळते.

हे संगणकावर काढता येते का?

येते. घनता फलन विक्षोभ सिद्धांताने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून गणित करणाऱ्या पद्धतीने) फोनॉन आणि आंतरक्रियेचे गुणांक मिळतात. क्वांटम एस्प्रेसो, त्याच्यासोबतचा ईपीडब्ल्यू आणि अॅबिनिट ही मुक्त साधने त्यासाठी आहेत. सिलिकॉनचे फोनॉन-साहाय्यित शोषण नॉफ्सिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रयोगातला एकही आकडा न जुळवता काढले. खरी अडचण जाळीची, म्हणजे गणितासाठी निवडलेल्या बिंदूंच्या मांडणीची, असते. फोनॉन संवेगाची जाळी विरळ ठेवली तर आकडा स्थिरावतच नाही, आणि ध्रुवीय पदार्थांत दूरवर पोहोचणारा फ्रोलिक भाग वेगळा हाताळावा लागतो. जाळी दुप्पट दाट करून उत्तर बदलते का, हे न तपासलेल्या निकालावर मी विसंबणार नाही.

माझ्या मोजमापात शिखर सरकले आहे. हे फोनॉनमुळेच, हे कसे ठरवायचे?

आधी लेसरची शक्ती निम्मी करा. शिखर मागे सरकले, तर नमुना लेसरनेच तापत होता. मग ताण तपासा: पातळ थर आणि त्याखालचा आधार वेगवेगळ्या दराने आक्रसतात, त्यामुळे थंड करताना ताण चढतो आणि तोही शिखर सरकवतो. त्याच पदार्थाचा आधारापासून मोकळा केलेला तुकडा मिळाला, तर तुलना सोपी होते. तापमानाबरोबर शिखर आधी खाली, मग वर आणि पुन्हा खाली असे नागमोडी गेले, तर कमी तापमानाला एक्सायटॉन अव्यवस्थेच्या खळग्यांत अडकत असल्याचा संशय घ्या. तेवढा भाग बोस-आइनस्टाइन जुळणीत घेऊ नका. शेवटी जुळणीतून आलेली सरासरी फोनॉन ऊर्जा रामन किंवा अवरक्त मोजमापाशी ताडा. ती पदार्थाच्या सर्वांत वरच्या फोनॉनपेक्षाही मोठी आली, तर जुळणी चुकली आहे, मग आलेखावरची रेषा बिंदूंतून कितीही सुबक जात असो.